चेक इंजिन लाइट लागली? पार्ट आणायला पळायच्या आधी हे करा

डॅशबोर्डवर तो पिवळा इंजिनचा दिवा लागला की दोन प्रकारची माणसं दिसतात. एक म्हणतो चालतेय ना गाडी, मग चालू दे, आणि सहा महिने तशीच फिरवतो. दुसरा लगेच गॅरेजला नेतो, तिथे स्कॅनर लावतात, कोडमध्ये ज्या पार्टचं नाव आलं तो पार्ट बदलतात, दिवा विझतो, बिल होतं आणि आठ दिवसांनी दिवा परत हजर. मी दुसऱ्या प्रकारातला. पेट्रोल गाडी, कोड पी ०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड गेला नाही. इंजेक्टर साफ केले, गेला नाही. शेवटी निघालं काय, तर इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) मागच्या अंगाला एक वीतभर रबरी पाइप, खालून चिरलेला आणि वरून बघाल तर ठणठणीत. त्यानंतर मी हे नीट शिकायला लागलो, थोडं एका ओळखीच्या वायरमनशेजारी बसून आणि बरंचसं स्वतः चुका करून. तेच इथे क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. ईसीएमला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, गरम-गार कळत नाही, हवा कळत नाही, पेट्रोल कळत नाही, त्याला फक्त व्होल्ट कळतात. पी ०११८ कोड आला तर त्याचं नाव "कूलंट टेंपरेचर सेन्सर सर्किट हाय" असं दिसतं आणि माणूस सेन्सर आणायला जातो, पण ईसीएम एवढंच सांगत असतो की बाबा या वायरीवर मला पाहिजे त्यापेक्षा जास्त व्होल्ट दिसतायत. ते सेन्सर मेल्यामुळे दिसतील, वायर तुटल्यामुळे दिसतील, कपलर (वायरी जोडणारा प्लग) सुटल्यामुळे दिसतील किंवा अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे जाणारी जोडणी) गेल्यामुळे दिसतील. कोड तुम्हाला गल्लीपर्यंत नेऊन सोडतो, घर आपणच शोधायचं.

हत्यारं काय लागतात

फार नाही. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या बीएस ४ गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे फॉल्ट कोडमध्ये सांगायची पद्धत आहे, त्यामुळे स्टेअरिंगच्या खाली कुठेतरी १६ पिनांचा सॉकेट असतोच. त्यात बसणारा ब्लूटूथ ॲडाप्टर ५०० ते १००० रुपयांत मिळतो आणि मोबाइलवर ॲप टाकलं की इंजिनचे कोड आणि लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरांचे त्या क्षणाचे आकडे, दिसतात. एकदम स्वस्तातले नकली ॲडाप्टर सगळ्या गाड्यांशी बोलत नाहीत, मध्येच लटकतात, त्यामुळे ॲडाप्टर कनेक्ट झाला नाही म्हणून लगेच ईसीएम मेला असं समजू नका, आधी दुसऱ्या गाडीवर लावून बघा. एबीएस, एअरबॅग, चावी प्रोग्रॅमिंग वगैरे साठी मात्र कंपनीचा किंवा मोठा मल्टीब्रँड स्कॅनर लागतो, ते काम तिकडेच.

स्कॅनरपेक्षा महत्त्वाचा आहे डिजिटल मल्टीमीटर. आणि एक एलईडीवाला टेस्टर. जुन्या बल्बच्या टेस्ट लॅम्पची सवय असेल तर ईसीएमच्या वायरींवर तो लावू नका, बल्ब जास्त करंट ओढतो आणि ईसीएमच्या आतलं ड्रायव्हर सर्किट उडू शकतं. एक वही पण घ्या. हसू नका, वही लागते.

पायरी १: गाडीवाल्याला बोलतं करा

स्वतःचीच गाडी असेल तर स्वतःलाच विचारा. गार असताना होतं की गरम झाल्यावर? एसी लावल्यावर? पावसातच? चढाला? पेट्रोलवर की सीएनजीवर? दिवा कायम पेटतो की लुकलुकतो? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, दिवा लागायच्या आधी गाडीला कोणी हात लावला होता. सर्व्हिसिंग झालं, नवीन म्युझिक सिस्टिम बसवली, फॉग लॅम्प लावले, इंजिन प्रेशरने धुतलं, बॅटरी बदलली. निम्मी उत्तरं इथेच मिळतात, कारण सर्व्हिसिंगला एअर फिल्टरचा डबा उघडून नीट न बसवणं किंवा एमएएफ (आत येणारी हवा मोजणाऱ्या) सेन्सरचा कपलर अर्धवट दाबणं हे रोजचं आहे.

लुकलुकणाऱ्या दिव्याचं वेगळं आहे, तो म्हणजे जोरात मिसिंग (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) चालू आहे, न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातंय आणि तिथला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून वितळायची तयारी करतोय. तशी गाडी पळवू नका, बाजूला घ्या. कन्व्हर्टर बाकीच्या सगळ्या सेन्सरांपेक्षा महाग पडतो.

पायरी २: बॉनेट उघडा, डोळे वापरा

स्कॅनर अजून खिशातच ठेवा. टॉर्च घ्या आणि एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा (हवेचा रस्ता उघडणाऱ्या झडपेपर्यंतचा) मोठा पाइप, त्याचे क्लिप, मग छोटे व्हॅक्यूमचे पाइप, सगळ्यांवरून बोट फिरवा, खालच्या बाजूनेसुद्धा. नाक वापरा, पेट्रोलचा वास येतो का. कान लावा, आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) कुठे सूऽऽ असा आवाज येतो का.

मग उंदीर. ज्यांची गाडी झाडाखाली किंवा शेताच्या कडेला उभी असते त्यांनी हे आधीच ओळखलं असेल. पावसाळ्यात उंदराला बॉनेटखाली गरम आणि कोरडं मिळतं आणि दात घासायला वायरी मिळतात. शेंगांची टरफलं, लेंड्या, कापसाचा भुगा दिसला तर हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हातात घेऊन इंच इंच बघा, बऱ्याचदा टेपच्या आत दोनच वायरी कुरतडलेल्या असतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पानं, सगळे प्रकार लोक करतात, माझ्याकडे तरी दर दोन दिवसांनी गाडी हलवणं यापेक्षा दुसरं काही चाललेलं नाही.

कपलर उघडून बघा, आत हिरवट बुरशी म्हणजे पाणी गेलंय. कोकणातल्या गाड्यांना हे फार. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिना सैल असतील तर घट्ट करा, पण पॉलिश पेपरने घासत बसू नका, वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात परत तेच.

पायरी ३: बॅटरी आणि अर्थ

ही पायरी सगळे गाळतात आणि मला सगळ्यात जास्त फॉल्ट हिच्यात सापडलेत. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५. (नवीन काही गाड्यांत अल्टरनेटर मुद्दाम कमी-जास्त करतात, तिथे थोडं खालीवर दिसेल, घाबरू नका.) सेल्फ मारताना व्होल्ट फारच खाली गेले की ईसीएम मध्येच रीसेट होतो आणि मग एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच-सहा कोड टाकतो, त्यातला प्रत्येक कोड धरून पार्ट बदलत बसलात तर संपलं.

अर्थ बघायची पद्धत अशी. मीटर डीसी व्होल्टवर, काळी सुई बॅटरीच्या मायनस खांबावर, लाल सुई इंजिनच्या ब्लॉकवर उघड्या धातूला, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. मीटरवर ०.२ च्या आतबाहेर आलं तर ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची पट्टी सडलीय किंवा बोल्ट सैल आहे. ओहममध्ये मोजून इथे काही कळत नाही, दहा तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी मीटर शून्य ओहम दाखवतो, लोड आल्यावरच खरं कळतं.

पायरी ४: आता कोड वाचा, पण पुसू नका

चावी ऑन, स्कॅनर लावा. सगळे कोड वहीत लिहा. सोबत फ्रीझ फ्रेम असते तीही लिहा, म्हणजे दिवा लागला त्या क्षणी आरपीएम किती होते, स्पीड किती, इंजिन किती तापलेलं, लोड किती. कोड पुसला की हे सगळं जातं, आणि ते जाणं म्हणजे पंचनामा व्हायच्या आधी जागा धुवून टाकण्यासारखं आहे. तरी दहातले आठ जण पहिलं बटण "क्लिअर"चंच दाबतात.

कोड कसा वाचायचा ते थोडक्यात. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे चेसिस-ब्रेक, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे कंट्रोलरांचं आपसातलं बोलणं. पुढचा आकडा ० असेल तर सगळ्या कंपन्यांना सारखा कोड, १ असेल तर त्या कंपनीचा खास. त्यापुढचा आकडा विभाग सांगतो, १ आणि २ इंधन-हवा, ३ मिसिंग आणि इग्निशन, ४ धूर-प्रदूषण, ५ आयडलिंग आणि स्पीड, ६ ईसीएम आणि त्याची आउटपुट सर्किट, ७ गिअरबॉक्स.

चार-पाच कोड एकत्र असतील तर आधी सर्किटचे कोड सोडवा, म्हणजे ज्यांच्या नावात लो किंवा हाय आहे. "मिश्रण पातळ" किंवा "कॅटॅलिस्ट कमजोर" असले कोड बरेचदा पहिल्याचे परिणाम असतात. व्होल्टेज कमीचा पी ०५६२ असेल तर तो सगळ्यात आधी. आणि तीन वायरींच्या दोन-तीन सेन्सरांचे कोड एकदम आले तर सगळे सेन्सर एकाच दिवशी मेले असं होत नाही हो, त्यांना मिळणारी ५ व्होल्टची सप्लाय बऱ्याचदा एकत्र असते आणि त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचीच लाइन खाली बसते. एकेक कपलर काढत जा आणि मीटर बघत राहा, ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो चोर.

पायरी ५: लाइव्ह डेटा, सगळी मजा इथे आहे

सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी, सेल्फ न मारता नुसती चावी ऑन करा. कूलंटचं तापमान आणि इनटेक हवेचं तापमान बघा, दोन्ही जवळपास सारखी आणि बाहेरच्या हवेइतकी हवीत. बाहेर २४ डिग्री आहे, इनटेक २५ दाखवतंय आणि कूलंट ५२, तर सेन्सर खोटं बोलतोय, आणि कोड मात्र एकही नसेल कारण ५२ हा आकडा ईसीएमला अशक्य वाटत नाही. वजा ४० दिसलं तर सर्किट ओपन, १३०-१४० च्या घरात दिसलं तर शॉर्ट.

त्याच वेळी एमएपी सेन्सर, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब मोजणारा, बघा. इंजिन बंद असताना त्याने त्या गावचा हवेचा दाब दाखवला पाहिजे. मुंबईत, गोव्यात समुद्राजवळ साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. पुण्यातली गाडी १०१ दाखवतेय किंवा ८५ दाखवतेय तर सेन्सरवर संशय घ्या. फुकटात होणारी टेस्ट आहे, एक पैशाचा पार्ट उघडायला लागत नाही. इंजिन चालू करून गरम झाल्यावर, एसी बंद, आयडलिंगला हाच आकडा ३० ते ४० च्या दरम्यान येतो. ५०-६० दिसला तर व्हॅक्यूम लीक, टायमिंग चेन-बेल्ट सरकलेला किंवा कॉम्प्रेशन कमी.

मग इंजिन नीट तापू द्या. कूलंट ८० ते ९० पर्यंत चढून तिथे टिकला पाहिजे. तो ६०-६५ वर लटकत असेल, हायवेला अजून खाली जात असेल, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय, किंवा आपल्याकडची फेमस कलाकारी, कुणीतरी "आपल्याकडे उन्हाळा आहे, काय गरज" म्हणून तो काढूनच टाकलाय. मग ईसीएमला वाटतं इंजिन अजून गारच आहे आणि तो पेट्रोल वाढवत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि कधीतरी पी ०१२८ येतो.

आता फ्युएल ट्रिम. हे एक समजलं की पेट्रोल गाडीचं अर्धं डायग्नोसिस आलं. ईसीएम हिशोबाने पेट्रोल सोडतो, ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरमधून सांगतो की कमी पडलं किंवा जास्त झालं, आणि ईसीएम त्याप्रमाणे टक्क्यांत दुरुस्ती करतो. शॉर्ट टर्म म्हणजे आत्ताची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे अंगवळणी पडलेली. दोन्हींची बेरीज करायची. अधिक म्हणजे पेट्रोल वाढवावं लागतंय, वजा म्हणजे कमी करावं लागतंय. अधिक-वजा दहाच्या आत असेल तर गाडी सुखात आहे. आता पंपावर ई२० मिळतं, इथेनॉल जास्त असलं की तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं, त्यामुळे जुन्या गाडीचं ट्रिम आधीपेक्षा तीन-चार टक्के वर दिसलं तर तो फॉल्ट धरू नका.

एकाच जागी बघून उपयोग नाही, दोन जागी बघा. आयडलिंगला लिहून घ्या आणि मग २५०० आरपीएमवर रेस धरून लिहून घ्या. माझ्या गाडीचं आयडलला अधिक २२ होतं आणि २५०० ला अधिक ६. याचा अर्थ काय, की कुठूनतरी चोरटी हवा येतेय, आयडलला इंजिन एकूणच थोडी हवा घेतं म्हणून तेवढीच चोरी मोठी वाटते आणि रेस वाढवली की एकूण हवेत ती विरघळते. ऑक्सिजन सेन्सर बिचारा खरं सांगत होता आणि त्यालाच बदलून टाकलं. उलटं असेल, म्हणजे आयडलला ठीक आणि रेस-लोडवर ट्रिम चढत जातंय, तर पेट्रोल पुरत नाहीये, फिल्टर चोक किंवा पंप थकलेला, नाहीतर एमएएफ सेन्सर धुळीने माखून हवा कमी मोजतोय. गेज लावून फ्युएल प्रेशर बघा, साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांना साधारण ३ ते ४ बार असतं, नक्की आकडा त्या मॉडेलचाच घ्या. सगळीकडेच मोठं वजा दिसत असेल तर इंजेक्टर गळतोय, प्रेशर जास्त आहे किंवा टाकीची वाफ ओढणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय.

एक बारकावा, जो बरेच व्हिडिओवाले सांगत नाहीत. हे चोरट्या हवेचं गणित एमएएफवाल्या गाडीत स्पष्ट दिसतं कारण ती हवा मोजमाप चुकवून आत येते. ज्या गाडीत फक्त एमएपी सेन्सर आहे (आपल्या बऱ्याच छोट्या गाड्या तशाच आहेत) तिथे लीक झाली की मॅनिफोल्डचा दाबच वाढतो, ईसीएम त्याप्रमाणे पेट्रोलही वाढवतो, ट्रिम फारसं हलत नाही आणि गाडी नुसती आयडलला जास्त रेस मारते. म्हणून आधी आपल्या गाडीत काय आहे ते बघा.

लीक शोधायला एकेक पाइप पकडीने हळूच दाबून बघा, ज्याला दाबल्यावर ट्रिम किंवा आरपीएम एकदम बदललं तिथे आहे. पाइपांत धूर सोडून लीक दाखवणारं स्मोक मशीन मिळालं तर सोन्याहून पिवळं. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारायची पद्धत सगळीकडे आहे पण तो पेटतो, आणि अगरबत्ती घेऊन पेट्रोल गाडीच्या बॉनेटखाली वाकायची आयडियासुद्धा मी पाहिलीय, ते धाडस आपण नको करायला.

ऑक्सिजन सेन्सरचं बघायचं तर पुढचा सेन्सर, साधा असेल तर, ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली झाला पाहिजे. कन्व्हर्टरच्या मागचा मात्र शांत, ०.६-०.७ च्या आसपास. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की कन्व्हर्टर संपलाय, पी ०४२० तेच म्हणतो. पण आधी सायलेन्सर कुठे फुटलाय का बघा, फुटक्या जागेतून हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं.

पायरी ६: वायर की सेन्सर, हे ठरवा

दोन वायरींच्या तापमान सेन्सरची टेस्ट एका मिनिटात होते. कपलर काढा, स्कॅनरवर वजा ४० आलं पाहिजे. मग कपलरच्या दोन पिना बारीक तारेने जोडा, आकडा एकदम वरच्या टोकाला गेला पाहिजे. दोन्ही झालं तर वायरिंग आणि ईसीएम चांगले, सेन्सर खराब. झालं नाही तर सेन्सरला हात लावू नका, वायर शोधा. ही तार जोडायची युक्ती फक्त याच दोन वायरींच्या तापमान सेन्सरला, बाकी कुठे नाही, आणि १२ व्होल्ट तर कुठल्याच सेन्सरच्या वायरीला लावून बघायचे नाहीत.

तीन वायरींचा सेन्सर असेल (एमएपी, थ्रॉटल पोझिशन) तर एक ५ व्होल्टची, एक अर्थ, एक सिग्नल. कपलर काढून चावी ऑन, लाल सुई ५ व्होल्टवर आणि काळी आधी बॅटरीच्या मायनसवर. ५ आले? आता काळी त्याच कपलरच्या अर्थ पिनवर. इथे ५ आले नाहीत तर सेन्सरचा अर्थ गेलाय. मग कपलर लावा आणि मागून बारीक पिन घालून सिग्नल बघा, थ्रॉटल हळू उघडताना व्होल्ट अर्ध्यापासून साडेचारपर्यंत कुठेही न अडखळता चढले पाहिजेत. वायर सोलून, टोचून टेस्ट करू नका, त्या भोकातून पाणी जातं आणि तुम्हीच पुढच्या वर्षीचा फॉल्ट पेरून ठेवता.

मधूनच येणारा फॉल्ट असेल तर इंजिन आयडलला ठेवून हार्नेस हलवा, कपलर हलवा, सेन्सरवर हेअर ड्रायरने गरम हवा मारा आणि लाइव्ह डेटाचा ग्राफ बघत राहा. मंडळी यात दोन तास घालवतात, घालवा.

मिसिंग मारत असेल तर

पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे त्या त्या नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग, पी ०३०० म्हणजे मिसिंग कुठल्या एका सिलिंडरचं नाही. पी ०३०२ आला तर दोन नंबरची कॉइल (प्लगला स्पार्कची वीज देणारी) काढून तीन नंबरवर लावा, कोड लिहून घेऊन मगच पुसा, फिरवून आणा. आता पी ०३०३ आला तर कॉइल गेली, नवीन घ्या. कोड दोनवरच राहिला तर प्लगचीही तशीच अदलाबदल करून बघा, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. एकही रुपया न खर्चता एवढं होतं आणि तरी लोक चारही कॉइलचा सेट घेऊन येतात.

सीएनजीवाल्यांनो, तुमचं वेगळं. कोड बघायच्या आधी गाडी पेट्रोलवर टाकून दोन-तीन दिवस चालवा. पेट्रोलवर मक्खन आणि गॅसवर मिसिंग असेल तर किटचं ट्यूनिंग, गॅस फिल्टर, गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर, किंवा प्लग बघा, गॅसला स्पार्क जास्त ताकदीचा लागतो त्यामुळे कमजोर प्लग-कॉइल आधी गॅसवरच पकडली जाते. दोन्हीवर गरम झाल्यावर आयडलला मिसिंग असेल आणि गाडी भरपूर गॅसवर चाललेली असेल तर टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हसाठी ठेवलेली बारीक फट) मोजून घ्या, व्हॉल्व्हची सीट झिजून क्लिअरन्स संपलेलं असतं आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही.

सेल्फ मारतोय पण चालू होत नाही

स्कॅनर लावून ठेवा आणि सेल्फ मारताना आरपीएमचा आकडा बघा. इंजिन फिरतंय आणि आरपीएम शून्य, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर, कारण त्याच्याशिवाय ईसीएमला इंजिन फिरतंय हेच कळत नाही आणि तो ना स्पार्क देत ना इंजेक्टर उघडत. हा सेन्सर गरम झाला की बंद पडायची सवय लावून घेतो, गाडी सिग्नलला बंद पडते, अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी चालू होते, आणि गॅरेजला नेईपर्यंत ठणठणीत. आरपीएम २००-२५० दिसतायत तर पुढे, चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंद गुंग आवाज येतो का, फ्यूज, रिले, आणि चावी ओळखणाऱ्या इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतोय का.

डिझेल कॉमन रेल

पहिली आणि जीवाची गोष्ट. जुन्या पंपाच्या डिझेलला चालू इंजिनवर नोझलचा पाइप सैल करून मिसिंग शोधायचे, ते कॉमन रेलला, म्हणजे जिथे एकाच जाड नळीतून सगळ्या इंजेक्टरांना डिझेल जातं, कधीही करायचं नाही. रेलमध्ये १६०० बार आणि त्याहून जास्त दाब असू शकतो, बारीक धार कातडीतून आत जाते, वरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि आतून हात सडतो. असं झालंच तर हळद लावून बसू नका, लगेच सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा.

टेस्ट म्हणाल तर सेल्फ मारताना रेल प्रेशर बघा, साधारण २०० बारच्या आसपास पोचल्याशिवाय बऱ्याच सिस्टिम इंजेक्टर उघडतच नाहीत. तिथपर्यंत जात नसेल तर आधी डिझेल फिल्टर आणि हवा, मग इंजेक्टरची रिटर्न टेस्ट, चारही रिटर्न पाइप चार सारख्या बाटल्यांत सोडायचे आणि ज्याची बाटली इतरांपेक्षा लवकर भरते तो इंजेक्टर गळका. सगळ्यात शेवटी हाय प्रेशर पंप. बीएस ६ डिझेल फक्त ऑफिस-घर चार किलोमीटर चालवत असाल आणि डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागला असेल तर तो सेन्सरचा फॉल्ट नाही, काजळी जाळायला गाडीला सलग वेग लागतो, हायवेला २० मिनिटं घेऊन जा.

ईसीएम खराब आहे असं कोणी म्हणालं तर

विचारा, त्याची सप्लाय आणि अर्थ लोडवर तपासले का. मेन रिले बघितला का. स्कॅनर अजिबात बोलत नसेल तर बॅटरी काढून १६ पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा, कॅनची (कंट्रोलर आपसात बोलतात त्या वायरींची) लाइन तिथे थेट आलेली असेल तर साधारण ६० आलं पाहिजे. १२० आलं तर लाइन कुठेतरी तुटलीय, शून्याजवळ आलं तर शॉर्ट. हे सगळं ठीक निघालं तरच ईसीएम. खरंच मेलेले ईसीएम मी पाहिलेत, पण ते पुराच्या पाण्यातले, उलट्या जंपर केबलचे किंवा बॅटरी न काढता वेल्डिंग केलेल्या गाड्यांचे.

दुरुस्ती झाल्यावर

आता कोड पुसा. थ्रॉटल साफ केला असेल किंवा बॅटरी काढली असेल तर आयडलिंग शिकायला गाडीला थोडा वेळ द्या, काही मॉडेलना स्कॅनरने रीलर्न करावं लागतं. मग गार इंजिनपासून सुरुवात करून शहरात आणि हायवेला फिरवा आणि दोन-तीन दिवसांनी परत स्कॅनर लावा, दिवा नसला तरी पेंडिंगमध्ये कोड येऊन बसलाय का ते बघा, कारण बरेच कोड दोन फेऱ्यांत फॉल्ट दिसल्याशिवाय दिवा लावत नाहीत. लाँग टर्म ट्रिम परत लिहा. माझं तो पाइप बदलल्यावर चौथ्या दिवशी आयडलला अधिक ३ वर आलं, ते तारीख आणि किलोमीटरसकट वहीत आहे, आणि जुना ऑक्सिजन सेन्सर, चांगला असलेला, अजून डिकीत स्टेपनीशेजारी पडलाय.